पाच नंबरचे स्केट्स

"वाक जरा. अजून. गुडघा टेक ना खाली, फोटोत नीट यायला हवं."

सूत्रसंचालन करणारी बाई मला शिकवत होती. गुरुवारची संध्याकाळ, कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाने घेतलेला हॉल, उद्याच्या सत्काराची तालीम. स्टेजवर लाल मखमली खुर्ची. ज्यांचा सत्कार, त्या ताई उद्या तिथे बसणार होत्या. आज त्यांच्या जागी एक उशी ठेवली होती. माझ्या हातात ताट. ताटात शाल नाही, नारळ नाही. बर्फावर हॉकी खेळताना घालतात ते स्केट्स.

"मानपत्र वाचून झालं की तू बाजूने यायचं. गुडघ्यावर बसायचं. मॅडमच्या पायात हे घालायचे, लेस बांधायच्या, पाया पडायचं. मग मागे मागे सरकत जायचं."

"मी?"

"मग कोण? सामानाचं तूच बघतेस ना?"

मी उशीपुढे गुडघा टेकला. टेकला, हे आधीच सांगून टाकते. उशीला पाय नव्हते, म्हणून लेस हवेत बांधून दाखवल्या. बाई म्हणाल्या, "छान."

सामानाचं मी बघते. खरं आहे. पण मी गोलकीपर आहे. कुवेतमधल्या भारतीय बायकांच्या आइस हॉकी टीमची पहिली गोलकीपर. पहिली आणि कितीतरी दिवस एकटीच. हे त्या बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी मी परभणीहून इथे आले. एका हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं धुऊन निर्जंतुक करायचं माझं काम. राहायला अब्बासियात, दोन खोल्यांत चौघी. कंपनीची बस नेते, कंपनीची बस आणते. एका शुक्रवारी उकाड्याने जीव नकोसा झाला, तेव्हा खोलीतली लिसी म्हणाली, चल, बर्फाच्या मैदानात जाऊ, निदान गार तरी वाटेल. लिसी केरळची, नर्स. आमचं आपसात हिंदी चालतं.

तिथे भाड्याचे स्केट्स घालून मी दोन पावलं टाकली आणि आपटले. "आई गं!" तोंडातून निघालं. पलीकडे हेल्मेट घातलेली एक बाई एकटीच काठीने काळी रबरी चकती फळीवर मारत होती. ती सर्रकन आली.

"मराठी का गं तू? ऊठ. पडलीस तरी हात वर ठेव, बोटं जातील."

त्या ताई. मूळच्या पुण्याच्या. नवरा मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत मोठा इंजिनिअर, घर अबू हलीफाला, गॅलरीतून समुद्र दिसतो. आधी काही वर्षं कॅनडात होत्या, तिथे हा खेळ शिकल्या. मी मॅडम म्हणाले तर म्हणाल्या, "मॅडम काय म्हणतेस? ताई म्हण."

ताईंनी काय केलं ते मी नाकारणार नाही. खोटं का बोलू? बायकांच्या हॉकीला तासभर बर्फ मिळावा म्हणून मैदानाच्या मॅनेजरच्या ऑफिसात त्या तीन महिने खेटे घालत होत्या. तो म्हणायचा, बायका फिगर स्केटिंग करतात, हॉकी कशाला? ताई उठायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसायच्या. तास मिळाला, तेव्हा पोरी नव्हत्या. मग अब्बासियात स्वतः गाडी घेऊन यायच्या आणि आम्हाला कोंबून न्यायच्या. कुणाचा नवरा नाही म्हणायचा, त्याला फोन करून गप्प करायच्या. त्यांच्याशिवाय हे उभं राहिलं नसतं. सत्कार त्यांचा व्हायलाच हवा होता.

पण सुरुवातीला आम्ही दोघीच होतो. आणि हॉकीचे स्केट्स एकच जोड, ताईंनी कॅनडाहून आणलेला. आमचे पाय एका मापाचे, पाच नंबर. अर्धा तास त्या घालायच्या, अर्धा तास मी. त्यांच्या घामाने ओले झालेले स्केट्स मी पायात घालायची, माझ्या घामाचे त्या. कधी मनातसुद्धा आलं नाही काही. बर्फावर सगळे सारखे, असं त्या म्हणायच्या आणि मला ते पटायचं. गावाकडे असलं वाक्य फक्त पंधरा ऑगस्टच्या भाषणात ऐकलं होतं. इथे कुणीतरी ते पायात घालून दाखवत होतं.

गोलात उभं राहायला कुणी तयार नव्हतं. अंगावर चकती येते, पॅड जड, त्यांना वास मारतो. मी म्हणाले, मी राहते. ताई म्हणाल्या, "तू आहेस म्हणून टीम आहे गं." हे त्यांचे शब्द. मी विसरलेले नाही.

चार वर्षं अशी गेली. पोरी जमल्या, त्या भाड्याचे स्केट्स घालायच्या; आमचा जोड दोघींत एकच राहिला, दोघी एकदम उतरलो की मीही भाड्याचे घालायची. मग एकदा कुवेती मुलींबरोबर सामना ठरला. ऐन वेळी माझ्या पायाच्या पॅडचा पट्टा फाटला. ताईंचा चेहरा उतरला. मी म्हणाले, "थांबा." माझ्या पिशवीत बाबांची आरी असते, येताना त्यांनी दिलेली, आणि मेण लावलेला दोरा. दहा मिनिटांत पट्टा शिवला. ओढून बघितला तर पहिल्यापेक्षा पक्का.

"कुठे शिकलीस गं हे?"

"बाबांकडे. परभणीच्या स्टँडसमोर बसतात ते. चांभार आहोत आम्ही."

अभिमानाने म्हणाले मी. माझ्या आडनावावरून काही कळत नाही, गावाचं नाव आणि पुढे 'कर'. लपवलं असतं तर जन्मभर लपलं असतं. पण ताईंपासून काय लपवायचं? ही माझी चूक. आमच्यासारखीच माणसं ही चूक करतात. दोन गोड शब्द ऐकले की पोतडी उघडून दाखवतात.

"अरे वा," ताई म्हणाल्या. एवढंच.

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःला नवे स्केट्स घेतले. जुने मला दिले. "ठेव तूच. तुझ्या पायाला बसतात." मला इतका आनंद झाला की मी परभणीला फोन करून सांगितलं. बाबा म्हणाले, "मोठ्या मनाची बाई दिसती."

मग हळूहळू सगळ्यांच्या स्केट्सची पाती घासायचं काम माझ्याकडे आलं. पॅड शिवायचं, जर्सी धुवायचं, नव्या पोरींच्या लेस बांधून द्यायचं. ताई हसून म्हणायच्या, "तुझ्या हातातच आहे ते." मी कौतुक समजले. गाडीत जागा नसायची, मी बसने जायची. सामन्यात गोलात मी, टीमचा फोटो काढायला बाहेरही मीच. दिसत होतं मला. आंधळी नव्हते. पण ज्या माणसाने आपल्याला उभं केलं, त्याच्याबद्दल वाईट विचार करायचीही लाज वाटते. त्या लाजेत माझी दोन वर्षं गेली.

सत्कार ठरल्यावर ताईंचा फोन आला. "ते आपले पहिले स्केट्स आहेत ना तुझ्याकडे? चकाचक करून आण." आपले म्हणाल्या. मला वाटलं, टेबलावर मांडून ठेवणार असतील.

शुक्रवारी सकाळी गॅलरीत बसून मी ते पॉलिश केले. मनात तालमीतली उशी होती. आणि बाबा आठवले.

मी सातवीत असेन. शाळा सुटल्यावर बाबांशेजारी बसायची. एक साहेब बूट शिवायला देऊन उभा होता. शिवून झाल्यावर त्याने नुसता पाय पुढे केला, "घाल." बाबांनी बूट फडक्याने पुसला, त्याच्यासमोर सरळ ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसले. साहेब एका पायावर उभा. लोक बघायला लागले. शेवटी स्वतः वाकला, बूट घातला, आईवरून शिवी दिली आणि गेला. बाबा मला म्हणाले, "जोडा शिवून द्याचा. पायात घालून द्याचा नाही. काम आपलं, पाय त्याचा."

आणि मी उशीपुढे गुडघा टेकून आले होते.

तरी म्हटलं, हा त्या मंडळाच्या बाईंचा आगाऊपणा. ताईंना कळलं तर त्या फाडून खातील तिला. कार्यक्रमाच्या आधी मी स्टेजमागच्या खोलीत गेले. ताई पैठणी नेसून आरशासमोर बसल्या होत्या.

"ताई, त्या मला तुमच्या पायात स्केट्स घालायला सांगतायत. गुडघ्यावर बसून."

"हो, माझीच कल्पना ती." आरशातूनच बोलल्या. "शाल-श्रीफळ काय, सगळेच देतात. हे बघून लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल बघ. कुठून कुठे आणलं मी तुला, ते लोकांना दिसायला नको का? तुझाही सन्मानच आहे गं तो."

मग त्यांनी पर्समधून एक पाकीट काढलं. आत स्केट्सचे नवे सोल.

"आतले जुने काढ आणि हे घाल. आणि हे स्प्रे मारून घे जरा. मोजे मी दोन घातलेत, पण तरी."

पण तरी.

चार वर्षं त्याच सोलवर आमच्या दोघींचे पाय होते. तेव्हा घाम नुसता घाम होता. 'चांभार' एवढा एक शब्द ऐकला आणि तो घाम त्यांच्यासाठी नुसता घाम राहिला नाही. नवे स्केट्स का घेतले, जुने मला का दिले, गाडीतली जागा का संपली, सगळं त्या पाकिटात होतं. गावात मला विहिरीवरून हाकललं असतं तरी इतकं लागलं नसतं. तिथे निदान कुणी ताई म्हणायला लावून हाकललं नसतं. रडू आलं नाही, संताप आला. स्वतःचाही आला, बाबांना फोन करून आनंद सांगितला होता म्हणून.

पाकीट मी तिथेच आरशापाशी ठेवलं.

मानपत्र वाचलं गेलं. "एका एकाकी स्त्रीने वाळवंटात बर्फावर स्वप्न कोरले." एकाकी! टाळ्या. मग सूत्रसंचालिका म्हणाली, "आणि आता मॅडमच्या टीमची मदतनीस त्यांचे पहिले स्केट्स त्यांच्या चरणी अर्पण करील." माझं नाव घेतलं नाही. म्युझिक सुरू झालं.

मी ताट घेऊन गेले. स्केट्स उचलले आणि ताईंच्या पायांसमोर जमिनीवर ठेवले. सरळ, टोकं बाहेर, बाबा ठेवायचे तसे. आणि उभी राहिले.

ताई हसऱ्या चेहऱ्याने ओठ न हलवता म्हणाल्या, "घाल ना."

"जोडा शिवून देते, मॅडम. पायात घालून देत नाही."

मॅडम म्हणाले. त्यांनी ते ऐकलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, डोळ्यांतलं गेलं. फोटोवाला थांबलेला. म्युझिक चालूच. सूत्रसंचालिका मला हाताने खाली बस, खाली बस करत होती.

"तमाशा करू नकोस," मॅडम पुटपुटल्या.

"सोल तेच आहेत. आपण दोघींनी घातलेले. तुम्हीच वाका आणि घाला."

त्या वाकल्या नाहीत. मी वाट बघितली. बाबांनी साहेबाची बघितली होती, तेवढी तरी नक्की बघितली. साहेबाला निदान अनवाणी घरी जायचं नव्हतं. मॅडमच्या चांगल्या मोजड्या खुर्चीपाशी काढून ठेवलेल्या होत्या.

मग मी माइकपाशी गेले. भाषण मला येत नाही. म्हणाले, "त्या एकाकी नव्हत्या. पहिल्या दिवसापासून गोलात मी होते." स्केट्स उचलले, ते मला दिलेले होते, आणि प्रेक्षकांकडे पाठ करून नाही, त्यांच्या मधूनच चालत बाहेर पडले. टाळी एकानेही वाजवली नाही. तेही लिहून ठेवते.

शनिवारी मला टीमच्या ग्रुपमधून काढलं. निरोप आला, पॅड टीमचे आहेत, परत कर. मी धुऊन, वाळवून परत केले. दोन पोरींनी गुपचूप मेसेज केला, 'तुझं बरोबर होतं, पण.' त्यांच्याही वाक्यात पण होतंच.

लिसी म्हणाली, "अब तू खेलेगी कैसे? पॅड भी गया, टीम भी गयी."

मी अब्बासियातल्या सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्या दुकानातून जाड कॅनव्हास आणला आणि घट्ट फोम. परभणीला फोन करून बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी पॅडचं माप विचारून घेतलं. मग म्हणाले, "टाका जवळ जवळ घी. मार लागतो तिथं दुहेरी घाल."

एक पॅड झाला. दुसरा अर्धा शिवून समोर पडलाय. लिसी स्केट्सवर उभी राहायला शिकतेय, तिच्या वॉर्डातल्या तिघी येतो म्हणाल्यात. बायकांचा तास तिकीट काढून येईल तिच्यासाठी आहे, कुणाच्या घरचा नाही. मी त्यांना चकती मारायला शिकवणार आहे, पाती घासायला शिकवणार आहे, पॅड शिवायलाही. आमच्यात नियम एकच, आपली लेस आपण बांधायची. आणि कुणी विचारलं की शिवणं कुठे शिकलीस, तर मी पहिल्यांदा सांगितलं होतं तसंच सांगणार. तितक्याच मोठ्याने.

मॅडमच्या टीमला एक ना एक दिवस आमच्यासमोर उतरावंच लागेल. बर्फ एकच आहे इथे. त्या दिवशी गोलात मी असेन, पायात तेच पाच नंबरचे स्केट्स, आत तेच सोल. मारा म्हणावं. एकही आत जाऊ देणार नाही.