म्हात्र्यांची टाच

परदेशात काम संपवून पहिली सुट्टी मिळाली, की म्हात्रे समुद्र गाठायचे आणि बूट काढायचे. मोजे बुटांत कोंबून ते माझ्या हातात द्यायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, ओल्या वाळूत उजवी टाच रोवायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. त्यांचे बूट धरून मी शेजारी. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटत असणार, हा माणूस कसला तरी नवस फेडतोय आणि दुसरा त्याचा पुजारी आहे. थोड्या वेळाने म्हात्रे डोळे उघडून निकाल द्यायचे, "नाय राण्या. भुई पोकल हाय. चल पुढं."

आमचा कारखाना अंबरनाथला, कापड रंगवायची यंत्रं बनवणारा. ऐंशीनंतर ती यंत्रं बाहेरच्या देशांत जाऊ लागली आणि ती तिकडे उभी करून चालू करून द्यायला म्हात्रे जाऊ लागले. राण्या म्हणजे मी, त्यांच्या हाताखाली. म्हात्रे बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातले, घरची भातशेती, घरात पहिले डिप्लोमा झालेले. साहेब झाले तरी भाषा पाड्यावरचीच ठेवली होती आणि ती मॅनेजरसमोरही बदलत नसत. स्वभाव म्हणाल तर हेकट. स्वतःचं तेच खरं करायचे आणि दुर्दैवाने पुष्कळदा ते खरं निघायचं, त्यामुळे हेका वाढतच गेला.

समुद्राचा खेळ त्यांना लागला फिलिपाइन्समध्ये. तिथली पोरं पातळ लाकडी फळी घेऊन किनाऱ्यावर उभी राहायची. लाट आली आणि मागे सरकली, की वाळूवर पाण्याचा नुसता पापुद्रा उरतो. त्या पापुद्र्यावर फळी सरकवायची, धावत जाऊन तिच्यावर उडी मारायची आणि उभ्याउभ्या घसरत जायचं. पस्तिशी ओलांडलेले, पोट सुटलेले, मिशीवाले म्हात्रे त्या पोरांत जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, "साहेब, पडाल." ते म्हणाले, "पडलो तं वालूत पडंन, तुझ्या अंगावर नाय." पडले, पुष्कळदा पडले. संध्याकाळी एकदा मात्र सरळ घसरत गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कारखान्यात कधी पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर ते मला घेऊन उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेले, फर्निचरवाल्याकडे फळी करून घ्यायला. त्या सिंधी दुकानदाराने मापं ऐकली, कडा घासून गोल करायच्या आहेत हे ऐकलं आणि विचारलं, "साईं, ये चीज क्या है? पूजा का पाट है कि टेबल का ऊपरवाला?"

"पाट समझो," म्हात्रे म्हणाले.

"तो पाये कितने लगाऊं?"

"पाये नहीं. इसपे खडा होके पानी में जाने का."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे काय ते त्याचं त्याने समजून घ्यावं. तेव्हापासून त्या फळीचं नाव आमच्यात पाटच पडलं. सुट्या भागांच्या खोक्यात सगळ्यांत खाली तो पाट ठेवला जाई आणि यंत्राबरोबर देशोदेशी हिंडे.

पण पाटापेक्षा मोठं काम होतं किनारा शोधण्याचं. या खेळाला कुठलाही किनारा चालत नाही. उतार जास्त असला की पाणी पळून जातं, वाळू भुसभुशीत असली की फळीचं नाक रुततं आणि माणूस तोंडावर आपटतो. म्हात्र्यांची पारख आजोळची. त्यांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, पनवेलच्या खाडीकडे मिठागरावर होते. हंगामाआधी मिठागराच्या वाफ्यांतला चिखल अनवाणी पायांनी तुडवून तुडवून घट्ट करतात. तळ कच्चा राहिला तर मीठ मातकट निघतं. आजोबा वाफ्यात टाच दाबून सांगत, हा कोपरा पिकला, तो कच्चा आहे. लहानपणीच्या सुट्ट्या म्हात्र्यांनी तो चिखल तुडवण्यात घालवल्या होत्या. "बीच बघायचा नसतो, तुडवायचा असतो," असं ते म्हणत.

मॉरिशसला गिऱ्हाईक कंपनीच्या मॅनेजरने आम्हाला मोठ्या हौसेने आपल्या देशातला सर्वांत देखणा किनारा दाखवायला नेलं. निळं पाणी, पांढरी वाळू. म्हात्र्यांनी टाच टेकवली आणि म्हणाले, "फोटो काढाला बरा हाय." मॅनेजरला भाषा कळली नाही, सूर कळला. मग म्हात्र्यांनी खिशातून आपल्याकडच्या कॅलेंडरचं पान काढलं. परदेशात जाताना त्या महिन्याचं पान ते फाडून बरोबर नेत, कारण तिथीशिवाय त्यांना भरती-ओहोटी सुचत नसे. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाणी धड चढत नाही की उतरत नाही. चंद्र काय हेंद्रेपाड्याचा वेगला आन इथला वेगला असतो काय, असा त्यांचा सवाल. मोंबासाला त्यांनी हॉटेलांचे किनारे सोडून दिले आणि कोळ्यांच्या होड्यांमागची एक जागा काढली. ओहोटीला तिथे पोरं फुटबॉल खेळत होती. "जिथं चेंडू उडतो तिथं पाट पलतो," म्हात्रे म्हणाले, आणि खरंच तिथे पाट असा पळाला की पोरांनी खेळ थांबवला.

पायांवरचा हा विश्वास नुसता समुद्रापुरता नव्हता. यंत्र चालू केलं की ते चप्पल काढून शेजारी उभे राहत आणि कुठलं बेअरिंग खराब आहे ते जमिनीच्या थरथरीवरून सांगत. घरी आंघोळीचं पाणीसुद्धा हात घालून बघत नसत. सुमनवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, घंगाळात पाणी ओतायच्या, म्हात्रे पायाचा अंगठा बुडवायचे आणि सांगायचे, बास किंवा अजून ओत. डोळ्यांना फसवता येतं, कानांना फसवता येतं, पाय खोटा बोलत नाही, हे मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं होतं की मलाही ते पटायला लागलं होतं.

नव्वदनंतर आम्ही ओमानला गेलो. काम उरकून आम्ही किनाऱ्यावर पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती, वाळू निवली होती. म्हात्र्यांनी टाच रोवली आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "हाच." पाट टाकला, धावले, उडी मारली आणि पाटाचं नाक वाळूत घुसलं. खांद्यावर पडले. मला हसू आलं होतं, कारण त्यांचा निकाल चुकलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. पुढे जाऊन त्यांनी दुसरी जागा निवडली, तिथेही तेच झालं. मग ते वाळूतच बसले आणि मला म्हणाले, "राण्या, बूट काढ. तू उभा राहा. कसं लागतं सांग."

"ओलं लागतं."

"घट्ट का मऊ?"

"मऊ आहे की. पाय जातोय आत."

त्यांनी पाण्याकडे बघत सांगितलं, की गेल्या पावसापासून तळवे कापसावर चालल्यासारखे झालेत. डॉक्टरांनी रक्तात साखर निघाल्याचं सांगितलंय, वडीलही त्यानेच गेले होते. कारखान्यात कळलं तर परदेशच्या कामावरून काढतील म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, वहिनींनाही नाही. मी म्हटलं, घरी गेल्यावर आधी दवाखान्यात चला. ते म्हणाले, "दवाखाना हायच. पन पायाला मिठाचं गरम पानी पायजेल. आजा तेच करायचा." चिखल तुडवून आजोबांचे पाय बधिर होत तेव्हा ते कढत मिठाच्या पाण्यात पाय घालून बसत, आणि पाय जागे होत. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. आपल्याकडे कुणाला वाटलं असतं?

पुढचं मला सुमनवहिनींनी दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं. ओमानहून परत आल्यानंतरचा रविवार होता. म्हात्रे पडवीत बसले, पुढ्यात घंगाळ, त्यात मूठभर मीठ. त्यांच्या आई पलीकडे तांदूळ निवडत होत्या. वहिनींनी पाणी ओतलं, यांनी पाय घातले आणि म्हणाले, कोमट हाय, अजून ओत.

"मी म्हटलं, अहो, वाफा बघा केवढ्या येतात," वहिनी सांगत होत्या. "तर हसले. म्हणाले, पाय माझा का तुझा? मग मी चुलीवरचं सगळं आणून ओतलं, भाऊजी. आणि ते आरामात बसले होते. बरं वाटतंय म्हणत होते."

पाय बाहेर काढले तेव्हा कातडी घंगाळातच राहिली. दुखलं काहीच नाही. न दुखल्यामुळे ते घरीच हळद लावून बसले, आणि दवाखाना गाठला तेव्हा बोटं काळी पडली होती. आधी बोटं गेली. मग उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

मी भेटायला गेलो तेव्हा कॉटभोवती पाड्यावरची माणसं होती, त्यांचे थोरले भाऊही होते. बायकोने नवऱ्याच्या पायावर आधण ओतलं, ही कुजबुज माझ्या कानावर बाहेरच पडली होती. म्हात्र्यांनी मला बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "राण्या, तू व्हतास ना तिथं? ओमानची वालू कसली तापलेली व्हती, सांग यांना. पाय तिथंच भाजलं व्हतं. घरी नुसतं शेकलं."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "भर दुपारची वेळ होती. मी चप्पल घालूनसुद्धा उभा राहू शकत नव्हतो."

थोरल्या भावाने मान डोलावली. म्हात्र्यांनी डोळे मिटले. ज्या माणसाने जन्मभर पायाच्या खरेपणाच्या गोष्टी सांगितल्या, त्याच्याकडून मी ऐकलेलं हे एकमेव खोटं, आणि ते त्याने फार चांगलं सांगितलं. लोक गेल्यावर ते मला हळूच म्हणाले, "आमच्या पाड्यात एकदा बोट दाखवलं ना, का बाईला मरंपर्यंत दाखवतात."

त्यानंतर ते पुष्कळ महिने घरी बसून होते. मला मधे श्रीलंकेला पाठवलं, दुसऱ्या कुणाबरोबर तरी. परत आल्यावर भेटायला गेलो तर पहिला प्रश्न, वालू कशी व्हती. मी टाच रोवून उभा राहिलो होतो, खरं सांगतो, पण मला ओलं लागण्यापलीकडे काही कळलं नव्हतं. तसं सांगितल्यावर ते चिडले आणि मला बस म्हणाले नाहीत. मला त्यांचा राग आला नाही. पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या पायाला जखम झाली, ती चढत गेली आणि त्यात म्हात्रे गेले.

दहाव्याला मी हेंद्रेपाड्याला गेलो. पंगती उठल्या होत्या. सुमनवहिनी मागच्या दारी उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, ती वाळू खरंच एवढी तापली होती?"

"हो वहिनी."

"ते मलाही शेवटपर्यंत तसंच सांगायचे." त्यांनी पडवीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सासूबाईंना एकदा सांगता का? त्या माझ्याशी बोलत नाहीत. ऐकू कमी येतं, जरा मोठ्यानं सांगा."

पडवीत म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्या कानाशी वाकून ओरडलो, की साहेबांचे पाय ओमानच्या वाळूनं भाजले होते, मी तिथे होतो, मी डोळ्यांनी पाहिलं. अंगणातल्या लोकांनीही ऐकलं.

म्हातारीने माझं मनगट धरलं आणि खाली ओढलं. "मी हितंच बसलेली व्हती," ती म्हणाली. "ती नको नको करीत व्हती. मीच बोलले तिला, तो सांगतंय तं ओत." मग हात सोडून म्हणाली, "कुठल्या तोंडानं बोलू तिच्याशी? तिला जेवाला लाव. कालपासून जेवली नाय."

मी आत जाऊन सासूबाई जेवायला बोलावतात एवढंच सांगितलं. सुमनवहिनींनी दोन ताटं वाढून आणली, एक सासूच्या पुढ्यात ठेवलं आणि एक घेऊन समोर बसल्या. दोघी माना खाली घालून बसून राहिल्या, आणि घास कुणीच उचलला नाही.