गाभ्यात कोरडा

जैनुद्दीन इंग्रजी शिकला तो रेल्वेची मोजणी करणाऱ्या एका साहेबाच्या तंबूत, भांडी घासता घासता. अमेरिकेत लढाई पेटली, वऱ्हाडच्या कापसाला विलायतेतून मागणी आली, आणि अकोल्याचा हा माणूस अमरावतीच्या कापूसबाजारात दुभाषी झाला. दिवसभर धुळीत उभं राहून शेतकऱ्याचं साहेबाला आणि साहेबाचं शेतकऱ्याला सांगायचं. संध्याकाळी घरी बायकोनं, बिल्कीसनं काही विचारलं, तर नुसतं हूं म्हणायलाही त्याची जीभ उचलत नसे.

माघातल्या एका सकाळी नांदगाव खंडेश्वरची पार्बताबाई गाडी घेऊन आली. नवरा तापानं पडलेला, म्हणून कासरा तिनंच धरला होता. वाटेत दहिवर पडून कापसाच्या बोज्यांवरचं तरट भिजलं होतं. माल तपासणाऱ्या साहेबानं तरटाच्या फटीत बोटं घातली, ती ओली निघाली. वजन वाढवायला कापसात पाणी मारणारे त्या हंगामात बरेच सापडले होते, आणि तसला माल जाळून टाकायचा हुकूम होता. ओल कुठवर आहे, असं साहेबानं विचारलं.

तरटाच्या आत जराशी आहे, मधात नाही, असं पार्बताबाईनं सांगितलं. जैनुद्दीन उभ्या उभ्या पेंगत होता. त्याच्या कानाला ‘आत’ एवढंच लागलं, आणि तो ‘इनसाइड’ म्हणून मोकळा झाला. साहेबाच्या लेखी इनसाइड म्हणजे तरटाखालचं सगळंच. त्यानं शिपायाला खूण केली. गाडी जाळायच्या मालाकडे वळली.

भाषा नाही, पण खूण पार्बताबाईला कळली. ती जैनुद्दीनपुढे येऊन उभी राहिली.

“भाऊ, मी काय म्हनलं, अन् तू त्याले काय सांगतलं?”

त्याची झोप उडाली. साहेबामागे धावत तो ‘मिडल ड्राय’ म्हणाला. साहेबाला वाटलं, गाडीतला मधला बोजा तेवढा कोरडा आहे. तो एकच उतरवा, असं त्यानं शिपायाला सांगितलं. आणखी कुठला शब्द जैनुद्दीनला सुचेना. त्यानं पार्बताबाईकडून विळा मागून घेतला, कडेचाच एक बोजा फाडला, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि मूठभर कापूस उपसून साहेबाच्या हातात दिला. कापूस कोरडा होता. साहेबानं तो चुरगळून पाहिला आणि मान डोलावत ‘हार्ट’ म्हणाला. हार्ट म्हणजे काळीज, एवढंच जैनुद्दीनला ठाऊक होतं. बोज्याच्या गाभ्यालाही साहेबलोक तेच म्हणतात, हे त्याला तेव्हा कळलं.

माल वाचला, पण साहेबानं सगळेच बोजे फाडून पाहिले. मग जैनुद्दीन दाभण घेऊन पार्बताबाईशेजारी शिवायला बसला. साहेबाची हाक आली, तरी तो उठला नाही. ऊन कलल्यावर तिनं फडकं सोडलं आणि अर्धी भाकर त्याच्यापुढे धरली.

“उद्या बी कोनी येईन,” ती म्हणाली. “नीट आयकत जाय.”

त्यानं मान डोलावली आणि चाकाला टेकून ती भाकर सावकाश खाल्ली. समोर गाड्यांची रांग तशीच होती.