पुलावरून गेलेली दुलई

तिचं खरं नाव पुलावर कोणालाच सांगता आलं नसतं. सगळे तिला झटकमावशी म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कालव्याच्या अलीकडे रानउंदरांमुळे ताप पसरला, तेव्हापासून आरोग्य खात्यानं तिला पुलाच्या तोंडाशी बसवलं होतं. काम एकच: अलीकडचा उंदीर पलीकडे जाता कामा नये. पुलाच्या तोंडाला गुळगुळीत पत्र्याचा उंच उंबरा ठोकला होता, त्यावर उंदराचे पाय ठरत नसत. पण उंदीर पायीच जातो असं थोडंच आहे? तो पोत्यात बसून जातो, गवताच्या भाऱ्यात जातो, गादीत जातो. आणि तो नाही गेला तरी त्याच्या अंगावरच्या पिसवा जातात. ताप देतात त्या पिसवाच. म्हणून टेम्पोच्या ड्रायव्हरशिवाय माणसांचं जाणं बंद होतं, आणि टेम्पोतून जाणाऱ्या प्रत्येक सामानाकडे बोट दाखवून मावशी ओरडायची, "झटका!"

लोक वैतागत. वाण्यानं एकदा विचारलं, "मावशी, मिशासुद्धा झटकू का?"

"झटका, आणि त्यांच्याखालचं तोंड जरा मिटा."

पलीकडे पाठवायला टेम्पोत ठेवलेली एका लहान पोरीची पाळलेली खार तिनं पिंजऱ्यासकट काढून घेतली. पोरगी हमसून हमसून रडली, तिची आई मावशीला वाट्टेल ते बोलली. मावशीनं ऐकून घेतलं. खार काय नि उंदीर काय, रानातला कुरतडणारा जीव पूल ओलांडणार नाही म्हणजे नाही. मोठ्या डॉक्टरीणबाईंचा टेम्पोही तिनं रिकामा करून घेतला होता, तिथे पोरीचं काय घेऊन बसलात!

अशा या बाईचा जीव मात्र पलीकडे अडकलेला होता. एकुलती एक लेक तिकडे दिलेली. पहिल्या खेपेला पोटातलं मूल गेलं, तेव्हा मावशीनंच तिला सावरलं होतं. आता दुसऱ्या खेपेला दिवस भरत आले आणि नेमका पूल बंद झाला. स्वतःच बंद करायचा आणि स्वतःच अलीकडे झुरत बसायचं, असली ती नोकरी!

लेक बाळंत झाल्याचा फोन सकाळी आला. मुलगी. दोघी सुखरूप. फक्त दवाखान्यात गारठा फार आहे, असं जावई बोलून गेले. मावशीचे पाय जमिनीवर ठरेनात. तिनं माळ्यावरची पत्र्याची पेटी ओढली, वरच ठेवलेली लेकीची लहानपणची दुलई काढली, नाकाला लावली, डोळे पुसले आणि पिशवीत कोंबली. पुलावर दवाखान्याचा टेम्पो निघतच होता.

"हे काय मावशी?" शिपायानं हात पुढे केला.

"नातीची दुलई आहे रे. धुऊन ठेवलेली. जाऊ दे, टेम्पो निघालाय."

आणि दुलई गेली. मावशीनं दिवसभर हसतमुखानं लोकांची पोती झटकून घेतली.

दुसऱ्या दिवशी टोपडी पाठवावीत म्हणून तिनं पुन्हा पेटी उघडली. वरची चादर उचलली आणि हात तसाच राहिला. खाली कुरतडलेल्या कापसाचं घरटं होतं, आणि घरट्यात रानउंदीर मरून पडला होता. पेटीचा मागचा कोपरा गंजून फुटलेला. तो तिनं आधी पाहिलाच नव्हता. पाहायला वेळ कुठे होता बाईला, नातीच्या आनंदात!

उंदीर जिवंत असता तर एक वेळ बरं होतं. मेल्यावर त्याचं अंग गार पडतं आणि पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधायला निघतात. हे तिनंच शंभरदा लोकांना सांगितलं होतं. पिसवा दुलईत शिरल्या होत्या, आणि दुलई एका दिवसाच्या बाळाच्या अंगावर होती.

ती फोन लावत पुलाकडे धावली. लेकीचा फोन बंद. जावयाचा लागेना. दवाखान्याचा नुसता वाजतोय. ती पत्र्याचा उंबरा ओलांडू लागली तर शिपायानं दंड धरला.

"मावशी, माणूस सोडायचा नाही. तुम्हीच बजावलंय."

"सोड रे मेल्या! माझी नात आहे तिकडे! मी मारली रे तिला, माझ्या हातानं मारली!"

शिपाई घाबरला, पण त्यानं हात सोडला नाही. सोडायला नको होताच, हे तिलाही कळत होतं, म्हणून ती मटकन खाली बसली आणि पुन्हा फोन लावत राहिली. शेवटी लागला.

"आई!" लेक खुशीत होती. "अगं, किती गोड वाटलं दुलई पाहून! बाळ रात्रभर शांत झोपलं. शेजारच्या खाटेवर एक बाई आहे, तिचं पोर फार बारीक आहे गं, गार पडत होतं सारखं. मग नर्सनं दोघांना एकाच दुलईत निजवलं. इथं बाहेरच्या कपड्याला उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय हात लावत नाहीत. पण पिशवी कोणी पाठवली विचारलं, मी तुझं नाव सांगितलं, तर म्हणाल्या, पुलावरच्या मावशींची ना? मग द्या तशीच."

मावशी उठून उभी राहिली.

"आई? ऐकतेयस ना? काळजीचं काही नाही, फक्त त्या बारक्याच्या पायावर लाल ठिपके आलेत. आपलीच्याही मानेवर दोन आहेत. नर्स म्हणाल्या, डास असतील."

"नर्सला फोन दे," मावशी म्हणाली.

"का गं? काय झालं?"

"दे म्हणते ना! आणि बाळाला उचल. आत्ता. दोघांना उचला."