चिंधी मेष्ट्रू

कुणाच्याही कपड्याचं टोक चिमटीत धरून आधी चोळून बघायचं आणि मग माणसाकडे बघायचं, ही त्यांची रीत. मी सांगलीहून म्हैसूरला आले, अग्रहारातल्या शाळेत रुजू झाले, तर पहिल्याच दिवशी खुर्चीवर टाकलेली माझी शाल यांच्या चिमटीत! मी फणकाऱ्याने ओढून घेतली. ते ओशाळून म्हणाले, "तीन पिढ्या शिंपी आम्ही, मॅडम. बोटं ऐकत नाहीत, नोडी, बघा ना."

ते चित्रकला शिकवायचे. पोरं त्यांना चिंधी मेष्ट्रू म्हणायची, मेष्ट्रू म्हणजे कन्नडात मास्तर. दरवर्षी सहावीला एकच काम ठरलेलं: घरातल्या जुन्या कपड्याचा तुकडा आणायचा, कागदावर चिकटवायचा, भोवती आपलं घर काढायचं आणि खाली एक ओळ लिहायची, तो कुणाचा.

"कुठल्या भाषेत, मेष्ट्रे?"

"आई रागावते त्या भाषेत."

मग भिंतीवर कन्नड, मराठी, उर्दू, बैलकुप्प्याच्या निर्वासित वसाहतीतून आलेल्या पोराची तिबेटी, सगळं शेजारी शेजारी नांदायचं. रंग सांडला, कागद फाटला, तरी यांचं आपलं "इरली, इरली." म्हणजे असू दे. इतकं कसलं चालवून घ्यायचं, म्हणून मला राग यायचा. तुम्हालाही आला असता.

एका वर्षी मेघनाने लाल साडीचा तुकडा आणला, प्लास्टिकच्या पिशवीत, तोंडाला गच्च गाठ मारून. वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी. मेष्ट्रूंनी सगळ्यांच्या चिंध्या घरी नेल्या आणि दुसऱ्या दिवशी धुऊन, इस्त्री करून आणल्या. शिंप्याचा हात तो! पाण्यातून काढल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हे अंगातच मुरलेलं.

मेघनाने तुकडा नाकाशी धरला. पुन्हा धरला.

"मेष्ट्रे, आईचा वास गेला."

तिची आई जाऊन चार महिने झाले होते. बाकीच्या साड्या घरच्यांनी वाटून टाकलेल्या. एवढंच उरलं होतं, आणि हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

या वेळी "इरली" निघालं नाही. ते तिच्याशेजारी बाकावर बसले. "चुकलं की ग माझं, बाळा. विचारायला हवं होतं." ती रडली नाही, तेच रडले. आणि मी, जळली माझी जीभ, दारातूनच म्हणाले, "अहो, पिशवीला गाठ होती ना?"

"होती, मॅडम. मीच सोडली."

मेघनाने तुकडा चिकटवला, घर काढलं, पण खालची ओळ लिहिली नाही. मेष्ट्रूंनी तो कागद भिंतीवरून कधी उतरवला नाही. वर्गात शिरताना आधी तिथे बघायचे. दोन वर्षं ती जागा कोरीच होती. पुढे प्रत्येक चिंधीला विचारायचे, "धुवू का?" "इरली" मात्र मी पुन्हा ऐकलं नाही, आणि आता त्याच शब्दासाठी जीव तुटतो.

गेल्या सुट्टीत ते झोपेतच गेले.

शाळा उघडली. नव्या मॅडम येणार म्हणून मी चित्रकलेची खोली आवरायला घेतली. खिळ्याला त्यांचा एप्रन होता, स्वतः शिवलेला, गोंदाने कडक झालेला. मी तो बादलीत टाकणार, तोच आठवीतल्या मेघनाने धावत येऊन हिसकावला. नाकाशी धरला, बराच वेळ. मग परत खिळ्याला अडकवला, वहीचं पान फाडलं आणि मराठीत लिहून खाली टाचलं:

'हा आमच्या मेष्ट्रूंचा. धुवू नका.'