गाड्यांना न्हाऊ घालणारे मामा

मोटारगाडीला जीव असतो, मालकाला तो नसला तरी चालतं, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच होता: माझ्या बायकोचे मामा. मुंबईत एका शेठजींच्या गाड्या पुसण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. शेठजी वारले, मुलांनी गाड्या विकल्या आणि मामा मामींना घेऊन गावी परतले ते डोक्यात एक खूळ घेऊनच. ऐंशी-एक्क्याऐंशीचा सुमार असेल. घरासमोरच्या फणसाखाली त्यांनी पत्र्याची शेड घातली आणि पाटी लावली, ‘येथे मोटारी आतून-बाहेरून चकाचक करून मिळतील’. गावात गाड्या मोजक्या. ज्यांच्याकडे होत्या, ते पाऊस पडला की गाडी धुतली असं समजत. मामी म्हणाल्या, “अहो, इथं माणसं सणावारी उटणं लावतात, गाडीला कोण लावील?” पण विहिरीचं पाणी शेंदायला पहिल्या दिवसापासून त्याच उभ्या राहिल्या, आणि ट्रंकेतली मऊ लुगडी फाडून फडकीही त्यांनीच शिवली.

पहिली आली ती आमच्या डॉक्टरांची फियाट. तांबड्या मातीखाली तिचा मूळ रंग कोणता, हे डॉक्टरही विसरले होते. संध्याकाळी न्यायला आले तर म्हणाले, “ही माझी नव्हे.” मामांनी नंबर दाखवला तेव्हा खात्री पटली. ती फियाट गावभर हिंडली आणि गिऱ्हाइकं यायला लागली. लग्नाच्या गाड्या आल्या, पावसचे आंबेवाले आले, पुढे नव्या मारुती आल्या. धंदा वाढला तशी मामांची जीभही वाढली. एका व्यापाऱ्याच्या डिकीत सुक्या बोंबलांचा वास आला तेव्हा मामांनी गाडी तशीच परत पाठवली. “बोंबील खायचे असतात, फिरवायचे नसतात!” दुसऱ्या दिवशी तो बिचारा डिकी घरी धुऊन, मग गाडी धुवायला घेऊन आला. अशा दुखावलेल्यांची समजूत मामी आल्याचा चहा देऊन घालत. निम्मी गिऱ्हाइकं त्या चहाचीच होती, असं माझी बायको म्हणायची. हे ऐकून मामा रागवायचे नाहीत, उलट “मग?” म्हणून हसायचे.

एका वर्षी आंब्याच्या हंगामात शेडपासून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग होती. मामी पोटात दुखतंय म्हणत होत्या. मामा म्हणाले, “एवढी रांग सरली की डॉक्टरांकडे जाऊ.” मामीही म्हणाल्या, “सरू दे.” रांग काही सरली नाही. भर दुपारी विहिरीवर त्यांच्या हातून कळशी सुटली आणि त्या तिथंच बसल्या. डॉक्टर स्वतः फियाट घेऊन आले. मागच्या सीटवर मामांच्या मांडीवर डोकं ठेवून मामी निघाल्या. वाटेत रक्ताची उलटी झाली. त्या अवस्थेतही त्या पदरानं सीट पुसत होत्या आणि मामा त्यांचा हात धरून म्हणत होते, “राहू दे गो, राहू दे.” इस्पितळ यायच्या आत त्या गेल्या.

तेराव्यानंतरही शेड बंदच राहिली. एका सकाळी आम्ही मामांकडे गेलो होतो, तेव्हा डॉक्टर गाडी घेऊन आले. खाली मान घालून म्हणाले, “मामा, दुसऱ्या कुणाकडे द्यायला मन होईना.”

मामा उठले. बादली भरली, बाहेरून गाडी धुतली, पुसली, पॉलिश केलं. मग मागचं दार उघडलं आणि फडकं हातात धरून उभेच राहिले.

“डॉक्टर, एवढं माझ्याच्यानं नाही व्हायचं.”

माझ्या बायकोनं पदर खोचला, मामांच्या हातातलं फडकं घेतलं आणि आत वाकली. मामा बाजूला उभे राहून तिला पाणी देत होते. डॉक्टर आणि मी उगाच रस्त्याकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळानं मामांचा आवाज आला, घोगरा, पण मामांचाच.

“कडेला राहिलंय गो. तू सर बाजूला, मी बघतो.”

बायको डोळे पुसत आमच्याकडे आली. मागं वळून बघायचा धीर कुणालाच झाला नाही. शेडमधून फडकं पिळल्याचा आवाज तेवढा येत राहिला.