नर्सबाई केनियाला जातात

आमच्या शेजारच्या नर्सबाईंच्या मते जगात निरोगी माणूस नव्हताच; होते ते फक्त न तपासलेले. मुलुंडला आमच्या मजल्यावर राहायला आल्या तेव्हा त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या, पण ते सरकारी कागदापुरतंच. जिन्यात भेटल्या की नमस्कार-चमत्कार नाही, सरळ अंगठ्याने समोरच्याची खालची पापणी ओढायच्या आणि म्हणायच्या, "रक्त कुठाय गं तुझ्यात? बीट खा." पाहुण्यांनाही यातून सूट नव्हती. माझ्या नणंदेला बघायला आलेल्या मुलाचे डोळे त्यांनी दारातच तपासले. स्थळ जमलं नाही, पण त्या मुलाची कावीळ वेळेवर कळली आणि पुढे कित्येक वर्षं तो दिवाळीत त्यांना भेटायला यायचा.

मूळच्या त्या नगरकडच्या, मराठी ख्रिस्ती. रविवारी पांढरीशुभ्र साडी नेसून चर्चला जायच्या. तिथे उपासनेत आजाऱ्यांची नावं घेऊन मोठ्याने प्रार्थना करायची पद्धत होती, आणि नर्सबाई ती रोगासकट करायच्या. "प्रभू, तळमजल्यावरच्या कुलकर्ण्यांच्या मूळव्याधीकडे लक्ष असू दे," असं त्या म्हणाल्या आणि सगळं चर्च 'आमेन' म्हणालं, हे कुलकर्ण्यांच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी बाईंशी बोलणंच सोडलं. पण आराम पडल्यावर स्वतःच दाराशी येऊन हळूच म्हणाले, "बाई, आता माझं नाव काढा हो. बरं आहे मला."

त्यांच्या चर्चची एक तुकडी केनियातल्या कुठल्याशा खेड्यात दीड महिना दवाखाना चालवायला निघाली, आणि तीत नर्सबाईंचं नाव आलं. नगरच्या मिशनच्या बोर्डिंगात असल्यापासून त्यांना असं कुठेतरी दूर सेवेला जायचं होतं. पण नेमकं तेव्हाच मला सातवा लागला होता. आधीची माझी दोन मुलं पोटातच गेली होती आणि या खेपेला नर्सबाईंनी मला पूर्णपणे आपल्या ताब्यात घेतलं होतं. "मी नाही जात," त्यांनी जाहीर केलं. "तुझी तारीख यायची आणि मी तिकडे?"

"तुम्ही तारखेच्या आधी परत येताय ना? जा तुम्ही. मी थांबवून ठेवते बाळाला."

"थांबवायला ती काय टॅक्सी आहे?"

मी हसले. त्या राहाव्यात असं मला फार वाटत होतं, आणि आयुष्यभर दुसऱ्यांसाठी ड्यूट्या बदलून घेतलेल्या या बाईला मी अडवू नये, असंही वाटत होतं. शेवटी मीच त्यांची बॅग भरायला बसले.

तिकडची हकिकत नंतर त्यांच्याबरोबर गेलेल्या चर्चच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, सांगितली. पहिल्या संध्याकाळी झाडाखाली प्रार्थना होती. गावातल्या आजाऱ्यांची नावं अजून पाठ झालेली नव्हती, म्हणून नर्सबाईंनी सवयीने आमची अख्खी बिल्डिंग सुरू केली. दोन नंबरचा गुडघा, चार नंबरचा दमा, सगळं त्या इंग्रजीत सांगत होत्या आणि तिथले एक मास्तर ते गंभीरपणे गावाच्या भाषेत सांगत होते. सगळ्यात शेवटी माझा नंबर लागला. तेव्हा बायकांनी प्रार्थना थांबवली आणि विचारलं, बाळाचं नाव काय? नाव नाही म्हटल्यावर त्या बुचकळ्यात पडल्या. बिननावाच्या माणसासाठी देवाकडे मागायचं कसं? मग त्यांनी आपसात बोलून मुलीचं एक नाव ठरवलं. मुलगा झाला तर, हा प्रश्न एका म्हातारीने हात झटकून निकालात काढला. त्यानंतर रोज संध्याकाळी त्या बायका मुलुंडच्या त्या पोरीसाठी प्रार्थना करू लागल्या.

इकडे मी काही बाळाला थांबवू शकले नाही. मुलगी झाली, तारखेच्या कितीतरी आधी, मूठभर. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. बाराव्या दिवशी बारसं केलं नाही. नाव ठेवायचा कुणालाच धीर होत नव्हता. मी काचेवर हात ठेवून बसायचे आणि नर्सबाईंना मनातल्या मनात हाका मारायचे.

नर्सबाई परत आल्या त्याच्या आदल्याच दिवशी आम्ही तिला घरी आणलं होतं. विमानतळावरून बॅगेसकट त्या थेट आमच्याकडे आल्या. मी मुलीला त्यांच्या मांडीवर दिलं. मला वाटलं, आता पापणी ओढतील. पण त्यांनी काहीच तपासलं नाही. नुसत्या बघत राहिल्या आणि चष्मा काढून पदराने पुसत म्हणाल्या, "माझं चुकलंच गं. तुला न विचारता तिकडच्या बायकांनी हिचं नाव ठेवलंय. नीमा. कृपा म्हणतो ना आपण, ते."

मी सासूबाईंकडे पाहिलं. देवाला दिवा लावल्याशिवाय पाणी न पिणारी ती माझी सासू. त्यांनी थोडा विचार केला. "पत्रिकेत अक्षर वेगळं आलंय," त्या म्हणाल्या, "पण एवढ्या लांबून आलेलं नाव परत कुठे पाठवायचं? राहू दे."

आता नर्सबाई नाहीत आणि नीमा माझ्यापेक्षा उंच झाली आहे. त्या गावाचं नाव मला कधीच नीट म्हणता आलं नाही, आणि ही मुलगी जगली, हे तिकडे कुणी कळवलं की नाही, तेही नर्सबाईंना विचारायचं राहून गेलं. कधीकधी दिवेलागणीला वाटतं, त्यातली एखादी बाई अजूनही तिच्यासाठी मागत असेल. तिला कुणीतरी सांगायला हवं, की बाई, आता पुरे, पोर छान आहे. पण मग वाटतं, नको. मागू दे.