पुस्तकातल्या मयताचं पिठलं

गोष्टीत कोणी रडायला लागलं की मला चेव यायचा. लग्नं, भांडणं, खून यांची पानं मी भराभरा उलटायची; रडण्याचा प्रसंग आला की मांडी ठोकून बसायची. आत्याही तसलीच. ती आमच्याकडेच राहायची आणि मला वाचनालयात पिटाळताना बजावायची, "रडवणारं आण. हसायला तुझा बाप आहे घरात."

निजामपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत दोन्ही अंगांनी लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग. त्या खडखडाटात मी कादंबरी ओरडून वाचायची, आत्या हंबरडा फोडायची आणि भिंतीपलीकडे कुणाला पत्ता लागायचा नाही. आई मात्र शेंगा सोलत कोरड्या डोळ्यांनी ऐकायची. आदल्या वर्षी तिचे वडील गेल्याचा निरोप सगळं उरकल्यावर आला, तेव्हाही मी शाळेतून आले तर ही डोक्यावरून पाणी घेऊन कुकर लावत होती. शेजारीपाजारी तिने कळूही दिलं नाही. "तुझी आई म्हणजे पाटा-वरवंटा," आत्या म्हणायची. मला भयंकर राग यायचा. एकदा तरी आईला रडवायचंच, असा मी पणच केला होता.

एका मेच्या सुट्टीत तशी कादंबरी हाती लागली. तिच्यातला म्हातारा, लेक माहेरपणाला येणार म्हणून रोज एसटीच्या थांब्यावर छत्री घेऊन उभा राहतो. लेक येते त्या दिवशी छत्री तीच असते, पण ती धरून शेजारचा माणूस उभा असतो. मी चोरून पुढचं वाचलं आणि आनंदाने उडीच मारली. सापडला, आईचा प्रसंग सापडला! पण हा ओरडून वाचायचा नव्हता, कुजबुजत वाचायचा होता. म्हणून गुरुवारी मी लेकीला एसटीत बसवलं आणि पुस्तक मिटलं. आत्याने मला शेलक्या शिव्या दिल्या. शुक्रवारी लूमला सुट्टी असायची.

शुक्रवारी गल्ली एवढी गप्प होती की तिसऱ्या घरातली कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी आवाज अगदी खाली आणला. लेक उतरली. तिने छत्री ओळखली. आईचे हात शेंगांवर थांबले आणि तेवढ्यात आत्याने गळा काढला. लूम बंद आहेत हे तिच्या गावीही नव्हतं.

तिची समजूत काढून मी पुन्हा वाचणार, तर दारात शेजारच्या काकू. एका हातात पिठल्याचं पातेलं, दुसऱ्या हातात भात, मागे आणखी दोघीतिघी. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून आधी पिठलं ढवळायचं आणि मग विचारायचं, ही काकूंची रीत.

"कोन गेलं गो? तुजा नवरा तर सकाली धडधाकट दिसला व्हता!" त्यांनी आईला विचारलं.

आत्याने पदरात तोंड लपवलं. मी पुस्तक दाखवलं.

"पुस्तकातला?" काकू कडाडल्या. "माज्या दारावरनं मयत जातंय का बगत बसलू मी, आनि तुमचा मानूस पुस्तकात मेला?"

मागच्या बायका पोट धरून हसत सुटल्या. मीही हसत होते, पण आतून चरफडत होते. जुळून आलेला प्रसंग आत्याने मातीत घातला होता.

काकू भिंतीला टेकून बसल्या. "आलू हाय तर वाच. कसा मेला तो?"

मी पुन्हा वाचलं. या वेळी छत्रीपाशी कुणीच हसलं नाही. काकूंनी डोळे टिपले आणि आईकडे वळून म्हणाल्या, "बापाची माया ती. तुजा बाप गावाला बरा हाय ना?"

"गेले, काकू. गेल्या वर्षी."

"आनि आमाला ठावं न्हाय? रडलीस पन न्हाय?"

"रडले की," आई म्हणाली. "दुपारभर मोठमोठ्याने रडले. पण तेव्हा लूम चालू होते."

 काकूंनी उठून ताट घेतलं, भात वाढला, त्यावर पिठलं घातलं आणि ते आईच्या पुढ्यात सरकवलं.

"मंग हे तुज्याच घरचं हाय. खा."

आईने पहिला घास घेतला आणि तिला रडू फुटलं. त्या दिवशी ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.